पिंकीचा आवाज

माझा आवाज मोठा आहे. लपवून उपयोग नाही, नवी पेठेत कुणालाही विचारा. आमच्या चादरींच्या दुकानाच्या मागेच आमचं घर. माडीच्या खिडकीतून मी "अहो, जेवायला!" म्हटलं की आमचे गुरुसिद्धप्पा गादीवरून उठतात, आणि त्यांच्यासोबत शेजारचे दोन दुकानदारही डबे उघडतात. अशा घराच्या वरच्या खोलीत देवाने भाडेकरू म्हणून कुणाला पाठवावं? पिंकीला.

पिंकी करमाळा तालुक्यातल्या केमची. वडील अभिमन्यू तिला पोचवायला आले होते तेव्हा ती माझ्यासमोर उभी राहून ओठ हलवत होती. मला वाटलं पोरगी देवाचं नाव घेते आहे, बरी दिसते. तिसऱ्यांदा विचारल्यावर कळलं, खोलीत नळाला पाणी कधी येतं असं ती विचारत होती.

"शिकतेस काय?" मी म्हटलं.

"बी.एस्सी. पॅरामेडिकल, अक्का. इमर्जन्सीचं."

"म्हणजे डॉक्टर?"

"न्हाय अक्का. अँब्युलन्समधी असत्यात ते."

"ड्रायव्हर?" आमच्या ह्यांनी दुकानातून विचारलं.

यावर पिंकीने जे उत्तर दिलं ते कुणालाच ऐकू आलं नाही. पुढे महिनाभर हे सगळ्यांना "वरची पोरगी अँब्युलन्स चालवायला शिकते" असं सांगत होते आणि बायकाही आता काय काय करायला लागल्या म्हणून कौतुक करत होते. खरं काय ते मला हळूहळू समजलं. अपघात झालेला, झटका आलेला, साप चावलेला माणूस दवाखान्यात पोचायच्या आधी रस्त्यातच जायला नको, यासाठी जे जे करावं लागतं त्याचं हे शिक्षण. श्वासाची वाट मोकळी करायची, रक्त थांबवायचं, छाती दाबायची, शिरेत सुई लावायची. तीन वर्षं अभ्यास, त्यावर अँब्युलन्सवर काम. पोरगी अभ्यासात हुशार होती. पहाटे उठून हाडांची नावं अशी पाठ करायची की मी खाली पूजा करताना माझ्या तोंडात देवाच्या नावाऐवजी बरगड्या यायला लागल्या.

सरावाला माणूस लागायचा, तो आमच्या घरात फुकट होता. गुरुसिद्धप्पांना तिने बँडेज बांधलं, मानेला पट्टा लावला, हात गळ्यात अडकवला. एकदा हात अडकवलेल्या अवस्थेतच हे दुकानात जाऊन बसले. अख्खी पेठ चौकशीला आली. आलेला प्रत्येक जण मोकळ्या हाताने कसा जाणार, म्हणून निदान एक टॉवेल घेऊन गेला. त्या दिवसापासून ह्यांना पिंकीच्या शिक्षणाबद्दल फार आस्था वाटायला लागली. "आज काय मोडायचंय, बाळ?" असं सकाळीच विचारायचे.

सगळं यायचं तिला. फक्त एक गोष्ट यायची नाही. मोठ्या माणसाला 'बाजूला व्हा' म्हणता यायचं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? एवढंच नाही ते. आपल्याकडे कुणी रस्त्यात पडला की त्याच्या अंगावर आधी पन्नास माणसं वाकतात. एक जण कांदा हुंगवतो, एक चप्पल हुंगवतो, एक जण हलवून हलवून नाव विचारतो, आणि घरातला सगळ्यात मोठा माणूस काय करायचं ते सांगत मधोमध उभा असतो. ती गर्दी मागे सारल्याशिवाय पेशंटला हात लावता येत नाही. कॉलेजात याची वेगळी परीक्षाच असते. पुतळा पेशंट म्हणून झोपवतात आणि लॅबमधले मदतनीस अनिलकुमार त्याचा भाऊ होतात.

अनिलकुमारांना नाटकाची भारी हौस. परीक्षा आली की हा माणूस पुतळ्याला मिठी मारून असा टाहो फोडतो की परीक्षकांच्याच डोळ्यांत पाणी येतं. मुलांनी त्यांना ठामपणे मागे सारायचं आणि उपचार सुरू करायचे. पिंकी गेली, त्यांच्या शेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, "दादा, तुमाला राग येणार नसंल तर जरा..."

अनिलकुमार हलले नाहीत. नंतर त्यांनी स्वतः सांगितलं, "येवढ्या मायेनं माझ्या घरात मला कुणी बाजूला हो म्हणत नाही. उठावंसंच वाटेना."

परीक्षकांनी घड्याळ पाहून पेशंट गेला असं जाहीर केलं. आता यापुढे तरी पोरीने गप्प बसावं की नाही? हिने अनिलकुमारांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "झालं ते झालं, दादा. आता तुमीच धीर धराया पायजे. घरच्यांस्नी कळवलं का?"

नापास.

बाकी सगळ्या विषयांत चांगले मार्क आणि या एका प्रॅक्टिकलमध्ये नापास. पुन्हा परीक्षा काही महिन्यांनी. ती घरी आली ती जिन्यावरच बसून रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, परत बस परीक्षेला. त्यात काय?" तेव्हा तिने मला शहाजीकाकांचं सांगितलं.

शहाजीकाका म्हणजे अभिमन्यूंचे थोरले भाऊ, केमच्या घरातले कर्ते. ते अंगणात खाकरले की घरातल्या बायका बोलायच्या थांबतात. अभिमन्यू स्वतः पोरीबाळींचे बाप, पण भावाशी बोलताना भिंतीकडे बघून बोलतात. आणि काकांची बायको, बजाबाईकाकू, त्यांच्याशी थेट बोलतच नाहीत. नवऱ्याला काही सांगायचं असलं की त्या दावणीला जाऊन म्हशीला सांगतात. काका बाजेवर बसून ऐकतात आणि त्यांना उत्तर द्यायचं असलं तर तेही म्हशीलाच देतात. घरातली लग्नं, विहिरीचं खोदकाम, नवा ट्रॅक्टर, सगळं त्या म्हशीच्या मध्यस्थीने झालं आहे. हे ऐकून मी हसले, पण पिंकीला त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं.

पिंकीच्या शिक्षणाचंही तसंच झालं. काकू म्हशीला म्हणाल्या, "पिंकीला म्हनं सोलापुरात शिकायचं हाय. लई हुशार हाय पोर." काका बाजेवरूनच म्हशीला म्हणाले, "जाऊ दे. पण नापास झाली की परत. मग लगीन."

तर आता ती नापास झाली होती. काकांच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं आणि त्या लग्नाचा बस्ता बांधायला सगळं घर सोलापूरला येणार होतं. बस्ता म्हणजे लग्नाच्या सगळ्या कपड्यांची एकदम खरेदी. जाताना कपड्यांच्या गठ्ठ्यांसोबत पिंकीचंही सामान जीपमध्ये टाकून न्यायचं, असा निरोप आला. दुसऱ्या परीक्षेला तेव्हा जेमतेम आठवडा राहणार होता.

"मग सांग की काकांना, आठवड्याचा तर प्रश्न आहे," मी म्हटलं.

पिंकीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला विहिरीत उडी मारायला सांगितली.

मला रागच आला. तिचा आला, काकांचा आला, त्या बिचाऱ्या म्हशीचाही आला. मी म्हटलं, साकु, म्हणजे आमच्या कानडीत पुरे! पुरे झालं रडणं. बस्त्याच्या दिवसापर्यंत मी तुला ओरडायला शिकवते.

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर शिकवणी सुरू झाली. मी समोर उभी राहून "मागं व्हा!" म्हणून दाखवलं. पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांपाशी बसलेली म्हातारी उठून मागे झाली. पिंकी म्हणाली, "मागं व्हा." माझ्या कानातल्या कुड्यासुद्धा हलल्या नाहीत. मग मी गुरुसिद्धप्पांना खुर्चीवर बसवलं आणि पिंकीला म्हटलं, यांना ओरड. ती त्यांच्यापुढे गेली, पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं आणि म्हणाली, "अप्पा, मागं व्हा."

"चहा म्हणतेस? घेऊ की," हे म्हणाले.

मग मी तिला भाजीवाल्यापाशी पाठवलं. भाव कमी कर म्हणून दरडावून यायचं. ती त्याने सांगितलेल्या भावात भाजी घेऊन आली, वर त्याच्या आईच्या गुडघ्याला कुठली पट्टी बांधायची ते सांगून आली. रिक्षा थांबवायला पाठवलं तर दोन म्हाताऱ्यांना आधी बसवून दिलं आणि स्वतः चालत आली.

एवढ्यात एक दिवस तिच्या खोलीत उंदीर निघाला. काय किंचाळली पोरगी! खालून हे धावले, दुकानातलं गिऱ्हाईक धावलं, मीसुद्धा घाबरले, आणि मी आवाजाला घाबरणारी बाई नाही. तेव्हा मला कळलं की घशात काही दोष नाही. आवाज आत आहे, चांगला भरपूर आहे. पण वडीलधारं तोंड समोर आलं की तो आत जाऊन दार लावून घेतो. उंदराचा मान ठेवावा असं तिला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून तेवढ्यापुरता बाहेर आला. यावर माझ्याकडे औषध नव्हतं. मी शिकवणी बंद केली.

बस्त्याचा दिवस आला. आमच्या दुकानासमोरच साड्यांचं दुकान आहे, तिथे सकाळीच दोन जीप येऊन उभ्या राहिल्या. माणसं उतरत होती ती संपेनात. गादीवर बायका, भिंतीला पुरुष, आणि मधे शहाजीकाका. पांढरं धोतर, पांढरी मिशी. साडी कुणासाठीही असो, पसंत काका करणार. नवरीने एक निळी साडी जरा जास्त वेळ हातात धरली, तेवढ्यात काका खाकरले आणि साडी घडीत गेली. पिंकीची ट्रंक आधीच अभिमन्यूंनी आमच्या माडीवरून उतरवून जीपमध्ये ठेवली होती. मला पेठेतली जाणकार म्हणून बोलावलं होतं. मी बसले होते, पण माझं लक्ष साड्यांत नव्हतं. माझ्या शेजारी पिंकी होती, मांडीवर कॉलेजची पिशवी घट्ट धरून.

दुपार झाली तरी देवकार्याच्या साड्याच चालल्या होत्या. तेवढ्यात बजाबाईकाकू काही न बोलता एका बाजूला कलंडल्या. आधी कुणाला कळलंच नाही. सेल्समन म्हणत होता, "मावशी, पदर बघा, पदर." मग नवरी ओरडली आणि सगळं दुकान काकूंवर वाकलं.

कांदा कुठून आला मला अजून माहीत नाही, साड्यांच्या दुकानात. पण आला. चप्पलही आली. कुणी वारा घालायला नवी कोरी पैठणीच उलगडली. काकूंचं अंग घामाने भिजलेलं, डोळे अर्धवट, हाकेला उत्तर नाही, आणि घशातून घरघर. शहाजीकाकांनी सगळ्यांना ढकलून पुढे होऊन त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, जबडा उघडला आणि बाटलीने तोंडात पाणी ओतायला लागले. "पी. पी म्हनतो ना."

पिंकी माझ्या शेजारून कधीच उठली होती. मी तिचे ओठ हलताना पाहिले. "काका, जरा..." कुणाला ऐकू आलं नाही. पाणी आत जायच्या ऐवजी काकूंच्या घशात गुळगुळ वाजत होतं. त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले. मी ओरडायला तोंड उघडलं.

माझ्या आधी ती ओरडली.

"काका! बाटली फेका! मागं व्हा!"

आयुष्यभर मी आवाज केला, पण असा आवाज मला कधी काढता आला नाही. समोर आमचे हे गादीवरून उभे राहिले. रस्त्यावरची एक रिक्षा थांबली. शहाजीकाकांच्या हातातली बाटली सुटून साड्यांवर पडली, आणि सेल्समननेसुद्धा तोंडातून चकार शब्द काढला नाही.

"मागं व्हा म्हनते ना! समद्यांनी! वारा येऊ द्या!"

काका मागे झाले. बसल्या बसल्या, दोन्ही हात टेकत, भिंतीपर्यंत. त्यांच्या मागे सगळं घर मागे झालं.

पिंकीने काकूंना कुशीवर वळवलं, तोंड खालच्या बाजूला केलं. पाणी बाहेर आलं, घरघर थांबली, श्वास मोकळा झाला. "अप्पा, एकशेआठला फोन लावा! बेशुद्ध, श्वास चालू, साखरेचा पेशंट म्हनून सांगा!" आमच्या ह्यांनी फोन लावला, रोज मोडून घ्यायची सवय असल्यामुळे त्यांना सगळं पटपट कळत होतं. मग तिने पिशवीतून बोट टोचायचं मशीन काढलं, आणि काम करता करताच विचारलं, "काका, काकूनी सकाळी साखरेची गोळी घेतली का?"

काकांनी नवरीकडे पाहिलं.

"काय खाल्लंय सकाळपास्नं? लवकर सांगा!"

त्यांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात, आणि आपली बायको सकाळपासून जेवली की नाही हे त्या माणसाला सांगता येईना. मला त्यांची कीव आली, पहिल्यांदाच. शेवटी नवरीच म्हणाली, "गोळी घेतली की. पण आज उपास हाय आईचा. निस्ता च्या पिलीया."

मशीनवरचा आकडा पाहून पिंकीने मान हलवली. साखर फार खाली गेली होती. कुणीतरी पेढा पुढे केला, तो तिने हात धरून थांबवला. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, ते श्वासात जातं. हे तिने समजावून सांगितलं नाही, नुसतं "न्हाय!" म्हणाली. तेवढं पुरलं.

अँब्युलन्स आली तेव्हा नवी पेठ नेहमीसारखी तुंबलेली. तिथे मात्र मी माझा गळा साफ करून घेतला, आणि गाडी दारापर्यंत आणून दिली. पिंकीने आतल्या डॉक्टरांना चार वाक्यांत सगळं सांगितलं. त्यांनी तिथेच शिरेतून साखर द्यायला घेतली. तोवर अर्धं केम गाडीत चढायच्या तयारीत. पिंकी दारात आडवी उभी राहिली. "एकच माणूस!"

शहाजीकाकांचा एक पाय पायरीवर होता. तो त्यांनी खाली घेतला आणि विचारलं, "मी येऊ का?"

"या," पिंकी म्हणाली.

आम्ही मागाहून दवाखान्यात पोचलो तर काकू उशीला टेकून बिस्किट खात होत्या. काका खुर्चीवर. अभिमन्यू भिंतीकडे बघत. आता स्फोट होणार म्हणून सगळे दाराशीच उभे. पिंकी तर माझ्या मागे लपली होती, आवाज पुन्हा कुठल्या कुठे गेलेला.

काकू म्हणाल्या, "मला लांबून ऐकू येत हुतं. पोर वरडत हुती. कुणावर गं?"

अभिमन्यूंनी भिंतीकडे आणखी निरखून पाहिलं.

"माज्यावर," काका म्हणाले.

काकूंनी इकडे तिकडे पाहिलं. तिथे म्हैस नव्हती. मग त्यांनी थेट नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं केलं. मला जन्मात जमलं न्हाय ते."

मला हसू आवरेना, तोंडात पदर कोंबून बाहेर जावं लागलं. परत आले तेव्हा काका अभिमन्यूंना विचारत होते, "पोरीची ट्रंक कुटं हाय?"

"जीपमधी टाकलीया, दादा."

"काढ."

एवढंच. पण मला इतका आनंद झाला की मी दवाखान्यातच गुरुसिद्धप्पांचा हात धरला. ते दचकले. त्यांना वाटलं सराव आहे.

आठवड्याने परीक्षा झाली. पुतळा तोच, परीक्षक तेच, आणि अनिलकुमार पुन्हा पेशंटचे भाऊ. या वेळी त्यांनी म्हणे नवं रडणं बसवलं होतं. पिंकी दारातून आत शिरतानाच म्हणाली, "मागं व्हा!" अनिलकुमार उठले, मागे झाले, आणखी मागे झाले, लॅबच्या दारातून व्हरांड्यात गेले आणि सगळी परीक्षा संपेपर्यंत आत आलेच नाहीत. परीक्षकांनी पेशंट वाचल्याचं जाहीर केलं.

निकाल लागला त्या संध्याकाळी ती फोन घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. फोन काकांचाच होता, त्यांनी आपण होऊन लावलेला. तिने मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"काय झालं गं?" काका.

"पास झाले, काका," पिंकी पुटपुटली. सवयच ती, काय करणार.

"काय? ऐकू येत न्हाय."

"पास झाले."

"मोठ्यानं सांग की! मी फोन वट्ट्यावर ठिवलाय. तुजी काकू हाय, समदी गल्ली जमा झालीया. ऐकू जाऊ दे समद्यांस्नी."

पिंकीने माझ्याकडे पाहिलं. मी पोळपाटावरचा हात थांबवला. मग तिने फोन दोन्ही हातांत धरला, श्वास घेतला आणि अशी ओरडली की दुकानातून हे "काय मोडलं?" म्हणत धावत आले. "पास झाले, काका! पास झाले!"

पलीकडे गलका उठला. बायका हसत होत्या, कुणी टाळ्या वाजवत होतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते कांद्याचं नव्हतं, कारण मी पोळ्या लाटत होते. तेवढ्यात त्या गोंधळात काकांचा खाकरण्याचा आवाज आला. सगळी गल्ली गप्प झाली.

"अजून एकदा सांग," काका म्हणाले. "मागच्यांस्नी ऐकू आलं न्हाय."